टाउपो सरोवरात भर उन्हाळ्यात बोटीतून ट्राऊट गरवताना गळ किती खोल सोडावा?

खाडीकाठचा (प्रश्न)

नमस्कार. मी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला राहतो. माझे बालपण दाभोळच्या खाडीकाठी गेले असल्यामुळे शिंगाळा आणि तांबोशी गरवण्याचा हात आहे, परंतु गोड्या पाण्यातला ट्राऊट मला अजून उमगलेला नाही. गेल्या जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, आम्ही चौघांनी टाउपोला बोट भाड्याने घेतली आणि सकाळी साडेदहापासून दुपारी साडेतीनपर्यंत सरोवरात फिरलो. एका काठीला साधी दोरी व स्पिनर, म्हणजे पाण्यात फिरणारे चकचकीत खोटे आमिष, होता. दुसरीला लेडलाइन, म्हणजे आत शिसे घालून विणलेली रंगीत दोरी होती, आणि तिचे पाच रंग आम्ही पाण्यात सोडले होते. साउंडरच्या, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर २५ ते ३० मीटरवर कमानीसारख्या खुणा सतत दिसत होत्या, तरीही पाच तासांत एकदाही काठी वाकली नाही. स्पिनर मात्र आम्ही सात वेळा बदलले.

बोटीला डाउनरिगर, म्हणजे वजनाने गळ खोल नेणारे साधन, बसवलेला होता, पण तो वापरायचा कसा हे आम्हांला ठाऊक नव्हते. या नाताळच्या सुटीत पुन्हा जाणार आहोत आणि बरोबर माझा दहा वर्षांचा मुलगा असेल. आमचे नेमके काय चुकले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

हॅमिल्टनकर

तुमचा स्पिनर चुकला नव्हता, खोली चुकली होती, आणि उत्तर साउंडर तुम्हांला दिवसभर दाखवत होता. लेडलाइनचा एक रंग म्हणजे १० यार्ड, अर्थात सुमारे ९ मीटर दोरी. पण सावकाश चालणाऱ्या बोटीमागे ती तिरकी ओढली जात असल्यामुळे एका रंगामागे गळ फार तर दीड मीटर खाली जातो. पाच रंगांचे झाले सात-साडेसात मीटर. मासा २८ मीटरवर असेल, तर तुमचा गळ दिवसभर त्याच्या डोक्यावरून वीस मीटर उंचीने जात राहिला. दहाही रंग सोडले असते, तरी पंधरा मीटरच्या खाली पोहोचणे कठीण होते.

ट्राऊट एवढ्या खोल का जातो, हे समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते. रेनबो ट्राऊटला साधारण १२ ते १६ अंशांचे थंड पाणी मानवते. जानेवारी-फेब्रुवारीत टाउपोचे वरचे पाणी २० अंशांच्या आसपास तापते आणि हलके असल्यामुळे खालच्या थंड पाण्यात न मिसळता त्याच्यावर गोधडीसारखे पसरून राहते. या दोन थरांच्या सीमेवर थोड्याच अंतरात तापमान झपाट्याने उतरते, आणि दुपारच्या वेळी मासे त्या सीमेलगत गोळा होतात. सरोवर १८६ मीटरपर्यंत खोल असले, तरी उन्हाळ्यातल्या दुपारी तुमच्या कामाचा पट्टा एवढाच आहे. आणि हिवाळ्यात पाणी पुन्हा एकजीव झाले की तोही उरत नाही.

आता डाउनरिगरविषयी. पोलादी तारेच्या टोकाला काही किलोचा शिशाचा गोळा असतो. आधी गळ बोटीमागे १५-२० मीटर सोडायचा, मग तुमच्या काठीची दोरी गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवायची आणि गोळा हव्या त्या खोलीपर्यंत सावकाश उतरवायचा. खाली पोहोचल्यावर दोरी इतकी गुंडाळून घ्यायची, की काठी धनुष्यासारखी वाकलेली राहील. मासा गळाला लागला की दोरी चिमट्यातून सुटते, काठी क्षणभर सरळ उभी राहते आणि लगेच पुन्हा वाकते. तो सरळ होण्याचा क्षण नवख्या माणसाला कळत नाही; काठी सैल पडली म्हणजे मासा गेला असे त्याला वाटते, पण नेमके तेव्हाच भराभर दोरी गुंडाळायची असते. शिवाय बोट चालू असताना तार मागे झुकते, त्यामुळे मोजणीच्या काट्यावर ३० मीटर दिसले, तरी गोळा प्रत्यक्षात त्याहून वर असतो. खुणा २८ मीटरवर असतील तर मी काट्यावर ३० ठेवतो. ट्राऊट आपल्यापेक्षा वर चाललेल्या भक्ष्याकडे झेपावतो, खाली सहसा जात नाही. म्हणून गळ खुणेच्या किंचित वर राहिला तर चालते, खाली गेला तर वेळ वाया जातो.

वेग ताशी तीन किलोमीटरच्या आसपास ठेवा, आणि सरळ रेषेत न जाता नागमोडी वळणे घ्या. वळताना आतल्या बाजूची दोरी मंदावून खाली जाते आणि बाहेरची वेग घेऊन वर येते. आतल्या काठीलाच पुन्हा पुन्हा मासा लागत असेल, तर सगळे गळ अजून खाली उतरवा किंवा वेग कमी करा.

पहाटपाळी

वरील उत्तर दुपारसाठी अगदी योग्य आहे. मी मात्र वेळ बदला असे सांगेन. टाउपोतल्या ट्राऊटचे मुख्य अन्न स्मेल्ट हा बोटाएवढा, जवळजवळ पारदर्शक चंदेरी मासा आहे. तो १९३० च्या दशकात ट्राऊट रोडावू लागले म्हणून मुद्दाम या सरोवरात सोडण्यात आला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला स्मेल्ट अंडी घालण्यासाठी वाळूच्या उथळ किनाऱ्यांवर येतात, आणि रात्रभर गार झालेल्या पाण्यात, पहाटे उजेड फुटण्याच्या सुमारास, ट्राऊट त्यांच्या मागे अगदी काठापर्यंत येतात. त्या वेळी पाण्यावर अचानक चंदेरी शिंतोडे उडतात आणि लगेच मागून मोठा भोवरा उठतो.

अशा वेळी डाउनरिगरची गरज नसते. स्मेल्टसारखी दिसणारी पिसांची माशी (गळावर पिसे बांधून केलेले खोटे भक्ष्य) लांब दोरीवर बोटीमागे सोडून, काठाला समांतर, इंजिन जेमतेम चालू ठेवून जायचे. इथले लोक याला हार्लिंग म्हणतात. माशी एक-दोन मीटरच पाण्याखाली असते. सूर्य डोंगरावर आला की साधारण तासाभरात हे संपते. तुम्ही साडेदहाला निघालात, म्हणजे हा खेळ आटोपून गेल्यावर निघालात.

मुलगा दहा वर्षांचा आहे म्हणून आणखी एक सुचवतो. नऊनंतर इंजिन बंद करून जिगिंग करा. साउंडरवर खुणा दिसतील तिथे बोट वाऱ्यावर सोडायची, दोरीला दोन-तीन छोट्या माश्या आणि खाली वजन लावून ते सरळ त्या खोलीपर्यंत सोडायचे आणि काठी हलकेच उचलत राहायचे. हे खाडीतल्या गरवण्याच्या सर्वांत जवळचे आहे, बोटांना दोरी कळते, आणि मुलाच्या हातात दिवसभर काही तरी काम राहते. माझ्या मुलीने तिचा पहिला ट्राऊट असाच काढला.

माओरीहिलवरून

दोन गोष्टींची भर घालतो. टाउपोसाठी मासेमारीचा परवाना वेगळा असतो. न्यूझीलंडच्या इतर भागांतला परवाना तिथे चालत नाही आणि काठी धरणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचा परवाना लागतो, त्यामुळे मुलाचाही काढा. किती मासे ठेवता येतात आणि किमान लांबी किती, हे परवाना काढतानाच वाचून घ्या. खाडीच्या सवयीने कोळंबीचे आमिष बरोबर नेऊ नका. तिथे नैसर्गिक आमिषाला मनाई आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. अठ्ठावीस मीटरवरच्या थंड पाण्यातून ओढून आणलेला, दहा मिनिटे झुंजलेला मासा वीस अंशांच्या पाण्यात सोडला, तर तो पोहत गेलेला दिसला तरी पुष्कळदा जगत नाही, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी आणि दमलेल्या माशाची गरज जास्त. म्हणून दुपारी छायाचित्रापुरते मासे काढत बसू नये. पहिले दोन-तीन चांगले मासे ठेवावेत आणि थांबावे. लहान असल्यामुळे सोडावाच लागला, तर हात ओले करून, हातजाळी पाण्यातच ठेवून, गळ तिथल्या तिथे काढावा.

खाडीकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. सात मीटर आणि अठ्ठावीस मीटर हा हिशेब वाचून गेल्या वर्षीचा सगळा दिवस डोळ्यांसमोर आला. पहाटे साडेपाचला निघून आधी हार्लिंग आणि नऊनंतर जिगिंग असे ठरवले आहे. एकच शंका उरली आहे: दुपारी परत कधी फिरावे?

हॅमिल्टनकर

अकरा-साडेअकरापर्यंत धक्क्याला लागा. उन्हाळ्यात दुपारनंतर अनेकदा वारा वाढतो, आणि ६१६ चौरस किलोमीटरच्या उघड्या पाण्यावर आखूड, उभ्या लाटा फार लवकर उठतात. लहान बोटीला त्या समुद्राच्या लांब लाटांपेक्षा जास्त त्रास देतात. मुलाला जीवनरक्षक जाकीट धक्क्यावरच घाला आणि परत धक्क्यावरच काढा. मासे मिळाले तर लगेच आतडी काढून बर्फात ठेवा. न्यूझीलंडमध्ये ट्राऊट विकत मिळत नाही, त्याची विक्रीच कायद्याने बंद आहे. पण तुम्ही आणलेला मासा शिजवून देणारी उपाहारगृहे टाउपो गावात आहेत. घरी नेणार असाल, तर हळद, मीठ, तिखट आणि आगळ लावून रव्यात घोळवा, आणि तेल बेताने घ्या, कारण उन्हाळ्यातल्या ट्राऊटच्या अंगचीच चरबी भरपूर असते.