मदत हवी आहे: फ्रीज थंड करत नाही, कोणता पार्ट बदलू?

वैतागलेला_नाशिककर
फ्रीज थंड करत नाहीये. मेकॅनिक म्हणतो परत गॅस भरावा लागेल, साडेतीन हजार. दुसरा म्हणतो कॉम्प्रेसर गेला. दोघांवरही विश्वास नाही. नक्की कोणता पार्ट जातो आणि कुठे मिळेल तेवढं सांगा. घरी पाहुणे येणार आहेत. "नवीन घ्या" असं कृपया कोणी लिहू नका.

जुनं_ते_सोनं
नवीन घ्याच. नाहीतर आमच्यासारखा जुना शोधा. गावी १९८६ चा केल्व्हिनेटर आहे, एकदा थर्मोस्टॅट आणि दाराचं रबर बदललं, बाकी हात लावलेला नाही. आताचे सगळे पत्र्याचे डबे.

शीतकपाट
सिंगल डोअर की डबल? किती जुना? फ्रीझरमध्ये बर्फ होतोय का? आतल्या पंख्याचा आवाज येतो का? काहीच न सांगता पार्ट विचारताय, पत्रिका बघून सांगायचं का?

स्क्रूड्रायव्हर
रिले बदला. कॉम्प्रेसरच्या बाजूला काळी डबी असते ती. पाच मिनिटांचं काम. आमच्या सोसायटीत निम्मे फ्रीज मी रिले बदलून चालू केलेत.

वैतागलेला_नाशिककर
डबल डोअर, अडीचशे लिटरच्या आसपास. सात-आठ वर्षं झाली. वर बर्फ मस्त होतोय, तिथे काही प्रॉब्लेम नाही. खाली थंड होत नाही. सकाळचं वरण संध्याकाळी आंबतं, दूध नासतं. रिले कुठे मिळेल?

शीतकपाट
थांबा, रिले घेऊ नका. रिले गेला असता तर कॉम्प्रेसर चालूच झाला नसता, नुसतं "टक" करून गप्प बसला असता. मग वर बर्फ कुठून आला असता?

वर बर्फ आणि खाली गरम, ही खूण महत्त्वाची आहे. फ्रॉस्ट फ्री डबल डोअरमध्ये बहुतेक वेळा कूलिंग कॉइल एकच, फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड. पंखा तिथली थंड हवा डक्टमधून खाली ढकलतो. या कॉइलवर दव गोठतं, ते वितळवायला खाली एक हीटर असतो, तो अधूनमधून आपोआप लागतो. हीटर लागला नाही की पापुद्र्यावर पापुद्रा चढत कॉइलवर बर्फाची भिंत होते आणि हवेची वाट बंद. फ्रीझर कॉइलला चिकटून असल्याने गोठलेला राहतो, खालचा कप्पा मरतो. गॅस कमी असता तर फ्रीझरही रडला असता.

माईसाहेब
रात्री डिफ्रॉस्टचं बटण दाबून ठेवायचं, सकाळी पाणी काढून टाकायचं, आत खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसायचं. वासही जातो. दारात शंभराची नोट धरून दार लावा, नोट सहज ओढली गेली तर रबर गेलं समजा.

स्क्रूड्रायव्हर
माई, ते बटण सिंगल डोअरला असतं. यांच्याकडे नसणार. नोटेचं मात्र खरं आहे.

माईसाहेब
आमच्याकडे आहे बाबा. असो. वासाचं तरी करा.

वैतागलेला_नाशिककर
पण मागच्या महिन्यात गॅस भरल्यावर आठवडाभर एकदम छान चालला होता. मग गॅसच ना?

शीतकपाट
हे आत्ता सांगताय? पहिल्या पोस्टमधलं "परत" हे होतं तर.
गॅस भरायला तो फ्रीज किती वेळ बंद ठेवून गेला होता?

वैतागलेला_नाशिककर
सकाळी उघडून ठेवला, सिलिंडर आणायला गेला तो संध्याकाळी आला. का?

शीतकपाट
दिवसभर दार उघडं आणि फ्रीज बंद, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळला. त्यामुळे आठवडाभर चालला, गॅसमुळे नाही. गॅस काही स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे, संपत नाही. बंद नळीत फिरत राहतो. खरंच कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, ती न शोधता भरणं म्हणजे पैसे पाण्यात. मागच्या लेबलवर आर६००ए लिहिलंय का बघा. तो आयसोब्युटेन, जळणारा. घरगुती फ्रीजमध्ये बहुतेकदा शंभर ग्रॅमच्याही आत असतो आणि काट्यावर वजन करून भरावा लागतो. अंदाजाने सोडणाऱ्याला हात लावू देऊ नका.

एडिसनकर
इथे न्यू जर्सीत मी हेच घरी केलं. पॅनेल काढा, हीटरच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावा. तीस ओहमच्या आसपास दाखवायला हवं. जास्त दाखवलं तर हीटर गेला.

शीतकपाट
तुमच्याकडे १२० व्होल्ट आणि मोठा हीटर. साडेचारशे वॅटचा धरला तर तीस-बत्तीस ओहम बरोबर. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि समजा दीडशे वॅट, म्हणजे साडेतीनशे ओहम. तुमचा आकडा धरून नाशिककर चांगला हीटर फेकून देतील.

एडिसनकर
मान्य, पण पद्धत तीच. रच्याकने, तिकडे हापूस काय भाव चाललाय? इथे डब्यातला रस खाऊन कंटाळा आला.

जुनं_ते_सोनं
रस काढून फ्रीझरमध्ये ठेवायचा तर फ्रीज धड हवा. आमच्या केल्व्हिनेटरमध्ये दिवाळीपर्यंत टिकतो.

वैतागलेला_नाशिककर
आंबे नंतर. पॅनेल काढलं. मागे पांढरीशुभ्र भिंत आहे, पत्रे दिसतच नाहीत. सुरीने काढू का?

शीतकपाट
अजिबात नाही! अ‍ॅल्युमिनियमची नळी आहे, टोक लागलं की मग खरंच गॅस जाईल. प्लग काढा, दार उघडं ठेवा, खाली जुने टॉवेल, आत गरम पाण्याचं पातेलं. पाणी टपकत राहील. मोकळं झालं की तीन गोष्टी तपासा: हीटर, नळीला क्लिपने अडकवलेलं गोल बायमेटल (तापमानावर चालणारा स्विच), आणि वायरमधला थर्मल फ्यूज. एका बाजूची वायर काढूनच मीटर लावा.

वैतागलेला_नाशिककर
हीटर ३४०. बायमेटल चांगलं आहे, मीटर पीं वाजतोय म्हणजे आतून जोडलेलं आहे. फ्यूज वाजत नाही. म्हणजे फक्त फ्यूज. घेऊन येतो.

स्क्रूड्रायव्हर
घेऊन काय येताय, वायर डायरेक्ट जोडा, वरून टेप. माझ्या मेव्हण्याचा असाच चालू आहे.

शीतकपाट
मेव्हण्याला सांगा झोपताना प्लग काढत जा. तो फ्यूज ठराविक तापमानाच्या वर गेलं की कायमचा तुटतो, हेच त्याचं काम. डायरेक्ट केला आणि हीटर अडकून राहिला तर आजूबाजूला सगळं प्लॅस्टिक आणि थर्मोकोल, वर नळीत जळणारा गॅस. असले सल्ले देऊ नका हो.

आणि नाशिककर, बायमेटल बाहेर काढून घरातल्या हवेत वाजतंय ना? तेच वाईट. ते उबेत उघडं असायला हवं आणि शून्याच्या बरंच खाली गेल्यावर जोडलं जायला हवं. तुमचं चिकटलंय. बर्फ संपल्यावर त्याने हीटर तोडायचा, ते तोडलं नाही म्हणून हीटर तापत राहिला आणि फ्यूज उडाला. नुसता फ्यूज टाकलात तर तोही उडेल. दोन्ही एकत्र वायरसकट मिळतात. मॉडेल नंबर दाराच्या आतल्या लेबलवरून उतरवून न्या, प्लग जुळला पाहिजे.

स्क्रूड्रायव्हर
मी फक्त चालतं म्हणालो. चांगलं आहे असं नाही म्हणालो.

वैतागलेला_नाशिककर
दुकानदाराने फसवलं. नवीन बायमेटल वाजतच नाही! खराब माल आहे, परत करायला निघालोय.

शीतकपाट
अहो, आत्ताच काय लिहिलं? नवं आहे म्हणूनच वाजत नाही. गार करून बघा. नुसत्या बर्फात शून्याच्या खाली जाणार नाही. पॉटचं आइस्क्रीम करताना घालतो तसं बर्फात मूठभर खडेमीठ घाला, पार्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यात खुपसा, वायरी बाहेर. दहा-पंधरा मिनिटांनी मीटर लावा. किंवा शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये तासभर ठेवा.

माईसाहेब
खडेमीठच हवं. टेबल सॉल्टने आमचं आइस्क्रीम कधी जमलं नाही.

वैतागलेला_नाशिककर
वाजलं! बसवलं, पॅनेल लावलं. साडेतीनशे रुपये झाले. काल रात्री लावलेलं दही सकाळी खाली ठेवलं, अजून घट्ट आहे. गॅसचे पैसे परत मागू का त्या माणसाकडे?

जुनं_ते_सोनं
पावती आहे?

वैतागलेला_नाशिककर
नाही.

जुनं_ते_सोनं
मग मागा, तेवढाच चहा पाजेल.

शीतकपाट
एक राहिलं. एवढा बर्फ वितळला तर निचऱ्याच्या भोकात कचरा अडकला असेल. कॉइलच्या खालच्या पन्हाळीत ग्लासभर कोमट पाणी ओता आणि खालच्या ट्रेमध्ये उतरतं का बघा. नाही उतरलं तर भाजीच्या डब्याखाली तळं होईल.

वैतागलेला_नाशिककर
कोणता ट्रे?

शीतकपाट
मागे, कॉम्प्रेसरच्या वर. ओढून काढा आणि धुवा. नाक धरून.