बाभळीच्या पाटीवर अकेशिया लिहायचं की व्हॅचेलिया?

गोदाकाठ
नाशिकमधल्या एका शाळेच्या आवारात झाडांना एनॅमलच्या पाट्या लावायच्या आहेत. बाभळीला जुन्या पुस्तकात अकेशिया नायलोटिका आहे, नव्या यादीत व्हॅचेलिया नायलोटिका. कोणतं धरायचं? पळसाच्या नावापुढे कंसात ‘लॅम.’ आणि कंसाबाहेर ‘टॉब.’ असतं, कडुनिंबाला मात्र कंसच नाही, असं का? अंजनेरीच्या कंदीलपुष्पाचीही पाटी करतोय.

रानवाटा
व्हॅचेलिया लिहा. प्रत्येक प्रजातीचं (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नावातला पहिला शब्द) नाव एका नमुना-जातीला बांधलेलं असतं. अकेशियाची नमुना-जात पूर्वी आपली बाभूळच होती. पण ही प्रजाती फोडायची वेळ आली तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या हजारभर जातींची नावं बदलावी लागू नयेत म्हणून 2005 मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत नमुना-जातच बदलली. 2011 ला मेलबर्नमध्ये त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब झालं. बाभूळ गेली व्हॅचेलियात, खैर सेनेगालियात, आणि रस्त्याकडेला लावतात ती ऑस्ट्रेलियन बाभूळ अकेशियाच राहिली. आपल्या बाजूने पाहिलं तर अन्यायच, पण नियमानुसार. नायलोटिका हा जातीचा शब्द तसाच राहतो.

पानफुटी
कंसाचं सांगतो. लामार्क या वनस्पतिशास्त्रज्ञाने (तोच ‘लॅम.’) पळसाला पांगाऱ्याच्या प्रजातीत घालून एरिथ्रिना मोनोस्पर्मा म्हटलं होतं. पुढे टॉबर्टने (तोच ‘टॉब.’) त्याला ब्यूटिया प्रजातीत हलवलं. म्हणून मूळ नाव देणारा कंसात, हलवणारा बाहेर. प्राण्यांत फक्त मूळ लेखक (नाव देणारा) आणि साल लिहितात: नागासाठी ‘नाजा नाजा (लिनियस, 1758)’.
कडुनिंबाची गंमत वेगळीच. लिनियसने 1753 मध्ये त्याला मेलिया अझाडिराक्टा म्हटलं. झाड अझाडिराक्टा प्रजातीत नेल्यावर नाव झालं असतं अझाडिराक्टा अझाडिराक्टा. ‘नाजा नाजा’सारखं दुहेरी नाव प्राण्यांत चालतं, वनस्पतींत नाही. जुना शब्द वापरताच येत नसल्याने ज्युस्यू या वनस्पतिशास्त्रज्ञाचं इंडिका टिकलं, आणि कंस आला नाही.

रानवाटा
पाटी रंगवणाऱ्याला नाव रोमन लिपीत टाइप करूनच द्या. प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचा शब्द सगळा लहान (‘इंडिका’चा आय मोठा काढणं ही नेहमीची चूक), दोन्ही तिरक्या अक्षरांत, लेखकाचं नाव सरळ. द्राक्षवेल असेल तर व्हायटिस व्हिनिफेरा तिरकं, पण ‘थॉम्पसन सीडलेस’ हे वाणाचं नाव एकेरी अवतरणात, सरळ. एनॅमल भट्टीत जाण्याआधी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यान संस्थेच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर प्रत्येक नाव तपासा.

गोदाकाठ
कंदीलपुष्पाचं नाव सेरोपेजिया अंजनेरिका. गावाचं नाव असं चालतं?

पानफुटी
चालतं, फक्त लॅटिन शेपूट लागतं. सेरोपेजिया स्त्रीलिंगी, म्हणून अंजनेरिका. प्रजाती पुल्लिंगी असती तर अंजनेरिकस. माणसाच्या नावावरूनही देता येतं. वनस्पतीला पाटील नावाच्या पुरुषावरून ‘पाटिलिई’, स्त्रीवरून ‘पाटिलिए’.
पण सुचलेलं नाव आपोआप ग्राह्य होत नाही. एक वाळवलेला नमुना मुख्य नमुना म्हणून ठरवून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात (पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं आहे) ठेवावा लागतो, आणि वर्णन किंवा जवळच्या जातींपासूनचा फरक लॅटिन वा इंग्रजीत छापावा लागतो. 2012 च्या आधी लॅटिनच सक्तीचं होतं. आयएसएसएन (नियतकालिकांना मिळणारा ओळख क्रमांक) असलेल्या नियतकालिकाची ऑनलाइन पीडीएफ आता चालते, फेसबुकवरची पोस्ट नाही. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तेव्हा वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथून एक फांदीही आणू नका. पाटीसाठी फोटो पुरे.