मदत हवी आहे: येसर आमटीसोबत रीसलिंग जमेल का?

नमस्कार मंडळी, मी लातूरचा. धाकट्या भावाने जर्मनीहून मोझेल खोऱ्यातली रीसलिंग, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, आणलीये. तिथले मळे नदीकाठच्या उभ्या चढावर, पाटीच्या दगडात असतात. थंडीमुळे द्राक्षांचा आंबटपणा टिकतो. बाटलीवर 'काबिनेट' (जर्मन वाइनचा हलका प्रकार) आणि अल्कोहोल ८.५ टक्के लिहिलंय, म्हणजे द्राक्षांची सगळी साखर आंबलेली नाही, गोडसर असणार. तिखटाला अशी हलकी, गोडसर वाइन पेलते, हे मला पटतं. पण येसरात भाजलेली धान्यं, डाळी, वर खडा मसाला. एवढ्या खमंगपणाखाली वाइनचा नाजूक वास दबेल का? की धपाटे-दहीच बरं? रविवारी मित्र येतायत, एकच बाटली आहे. आणि लातूरच्या या उन्हात फ्रिजमधून किती आधी काढू? ज्यांनी प्यायलीये त्यांनी नक्की सांगा.