विषय: ऊसतोड मजुरांना ब्लँकेट वाटप (नावं आणि वर्गणी)

प्रेषक: सचिव

गाव सोडून लांब राहणाऱ्या आपल्या सांगली-साताऱ्याच्या ईमेल लिस्टवरच्या मंडळी, नमस्कार.

संक्रांतीच्या कार्यक्रमात ठरलं त्याप्रमाणे यंदाची मदत आपल्या सांगली-साताऱ्याकडच्या ऊसतोड मजुरांना द्यायची आहे. वाळवा, पलूस, कराड भागात टोळ्या उतरल्यात आणि नदीकाठची थंडी तुम्हाला माहीतच आहे. प्रत्येक कोपीला (मजुरांच्या पाचटाच्या झोपडीला) दोन ब्लँकेटं आणि पोरांना वह्या, असा विचार आहे. वर्गणी महिनाअखेरपर्यंत पाठवा. वाटपाला गावाकडचं कोण उभं राहील तेही कळवा. फोटो वार्षिक अंकात छापू.

---

प्रेषक: इस्लामपूरची माहेरवाशीण

सचिवदादा, माझी वर्गणी धरा. फोटोचं मात्र राहू द्या.

डिसेंबरात तीन आठवडे माहेरी होते. आमच्या आडसाली उसाला (दीड वर्षाचं पीक) तोड आली होती. आठ कोयत्यांची टोळी, बीडकडची. (इकडे वाढलेल्या पोरांसाठी सांगते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हिशोबात दोघं मिळून एकच धरतात.) कोप्या आमच्याच पडीक रानात होत्या. बायका पहाटे साडेतीनला उठायच्या, कारण उजाडायच्या आत ओढ्याकडं जाऊन यायचं. मग भाकरी, मग फड, म्हणजे तोडीचं रान. दुपारी मी एकीला पाण्याचा तांब्या दिला तर दोन घोट पिऊन परत केला. म्हणाली, "जास्ती प्यायलं तर जायचं कुठं, ताई?"

ट्रॅक्टर भरताना मी मुद्दाम बघत उभी राहिले. डोक्यावर मोळी घेऊन ट्रेलरला लावलेल्या फळीवरून वर चढायचं, टाकायची, उतरायचं. त्यातली एक पोटुशी होती.

2019 साली बीडची ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली होती. सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीत काम थांबलं की खाडा (गैरहजेरी), खाड्याचे पैसे कापले जातात, हे एक कारण तेव्हा पुढं आलं. तेव्हा याच लिस्टवर आपण "बीडमध्ये काय चाललंय" म्हणून हळहळलो होतो. पण तोडीचे पाच-सहा महिने त्या बायका बीडमध्ये नसतातच. त्या आपल्या रानात असतात.

---

प्रेषक: कराडकर

ताईंचं खरं आहे, पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. माझ्या भावानं ट्रॅक्टर घेतला, मुकादमाला, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराला, लाखांत उचल (आगाऊ रक्कम) दिली. कागद केला, फोटो काढले. दसऱ्याला निम्मी टोळी आलीच नाही आणि मुकादमाचा फोन बंद. बँकेचा हप्ता भाऊच भरतोय. शेतकऱ्याला तरी कुठं सुख आहे? तोड लवकर पाहिजे तर ड्रायव्हरला एन्ट्री द्या, टोळीला खुशाली द्या (दोन्ही वरचे पैसेच), नाहीतर उसाला तुरे येईपर्यंत वाट बघा. दर खेपेला बागायतदारच राक्षस ठरतो. तोडणीची मशीन आली की हा प्रश्नच मिटेल, असं माझं मत.

---

प्रेषक: पलूसकर काका (मुक्काम आता गावीच)

पोरांनो, दोघांचंही खरं हाय.

कराडकर, तुझ्या भावाला बुडवलं ते मुकादमानं. फडातल्या माणसाच्या हातात उचलीतलं किती पडलं ते त्यालाच विचार. घेतली त्या दिवसापासून तो ती कापून फेडतोय. 2024 च्या जानेवारीत तोडणीदरात 34 टक्के वाढ झाली, टनाला साधारण 366 रुपये झाले. दोन माणसं पहाटेपासून राबून दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतात. करा हिशोब. मुकादमाचं कमिशन त्यावर वेगळं.

आणि मशीनचं म्हणशील, तर गुंठ्या-गुंठ्याच्या वाकड्या रानात मशीन वळतंय कुठं?

कायद्यानंही ही माणसं अधांतरीच. स्थलांतरित मजुरांचा 1979 चा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीड ते सांगली म्हणजे एकच राज्य. कारखान्याच्या हजेरीपटावर नाव नाही, कारण करार तोडणी-वाहतुकीच्या संस्थेशी. गोपीनाथराव मुंडे यांच्या नावानं महामंडळ झालंय, त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागं दहा रुपये द्यायचे असं ठरलंय. संत भगवानबाबांच्या नावानं पोरांची वसतिगृहंही निघाली, पण ती तिकडं, त्यांच्या मुलखात. कोपीत आईजवळ आलेल्या तीन वर्षांच्या पोराचं काय? ते पाचटात खेळतं. आणि सगळे बीडचेच असतात असंही नाही. आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी जतची माणसं कोयता घेऊन निघतात. कृष्णेचं पाणी इकडं मुरलं, तिकडं टँकर, त्यामुळं.

आता माझी फजिती ऐका. परवाच्या हंगामात मी टोळीच्या बायकांसाठी बांधाला संडासाचे दोन शोषखड्डे घेतले, पत्रे मारले, बोअरला नळ काढला. आठ दिवस एकही बाई तिकडं फिरकेना. मला राग आला. शेवटी आमच्या मंडळीनं जाऊन विचारलं तेव्हा कळलं, दार रस्त्याकडं होतं. दार फिरवलं, मग वापर सुरू झाला. महिन्याभरात टोळीचा मुक्काम हलला. आता त्या पत्र्यात आमची पेंड असते. पाण्याचंही तसंच, शेतीपंपाला लाईट रात्रीची, टाकी नसेल तर नळ कोरडा.

तेव्हा हे एकट्या शेतकऱ्याचं काम न्हाई. टोळीबरोबर हलणारी शौचालयं, तळावर टँकर आणि दिवा, महिन्याला नर्सबाईची फेरी, हे कारखान्यानंच करायला पाहिजे. आणि सहकारी कारखाना कुणाचा? या लिस्टवर निम्म्यांच्या घरात शेअर्स आहेत. सप्टेंबरात वार्षिक सभा असते. दरवर्षी आपले बाप तिथं दर आणि सवलतीची साखर यावर भांडून, जेवून येतात. तोडणीच्या बायकांसाठी किती खर्च केला, एवढा प्रश्न एका सभासदानं लेखी टाकला तर उत्तर द्यावं लागतं. आठ दिवस आधी द्यायचा, आणि पोच घ्यायची. शिक्का मारून.

---

प्रेषक: इस्लामपूरची माहेरवाशीण

काका, आमच्या घरात शेअर दादांच्या नावावर आहे. फोन केला तर म्हणाले, "चेअरमनला अडचणीत आणायचं व्हय?" मी म्हटलं, ती पोटुशी बाई आठवतेय का? गप्प झाले. "बघू" म्हणाले. त्यांचं बघू म्हणजे नाहीच असं नसतं.

---

प्रेषक: वाळव्याचा (सध्या बे एरिया)

आण्णा गेल्यावर शेअर वारसानं माझ्या नावावर झालाय. पाच वर्षांत एकही नोटीस उघडलेली नाही, कबूल करतो. मला इथून ईमेलनं प्रश्न टाकता येईल का? मतदान झालं तर धाकट्या भावाला माझ्या वतीनं पाठवू का?

---

प्रेषक: सचिव

ब्लँकेटं घेतोच, थंडी सप्टेंबरपर्यंत थांबणार नाही. वह्यांचे पैसे मात्र बाजूला ठेवतो. काकांनी प्रश्नाचा मसुदा करून द्यावा. ज्यांच्या घरी शेअर आहे त्यांनी तालुका आणि कोणाच्या नावावर, एवढं मला वैयक्तिक कळवावं, लिस्टवर नको. कराडकर, तुम्हीही.

---

प्रेषक: कराडकर

कळवतो. पण त्याच पत्रात उचल बुडवणाऱ्या मुकादमांचा प्रश्नही घालायचा. एक ओळ.

---

प्रेषक: पलूसकर काका

घालतो.

वाळवेकर, प्रश्न सहीनिशी कागदावर लिही आणि पोस्टानं पाठव, ईमेल कुणी उघडत न्हाई. मत मात्र सहकारात ज्याचं त्यानं स्वतः हजर राहूनच द्यायचं असतं, भावाला तुझा हात वर करता येणार नाही. सप्टेंबरचं तिकीट काढ. आणि येताना आण्णांच्या नावचं ते जुनं शेअर सर्टिफिकेट कुठं ठेवलंय ते आईला विचारून ठेव, सभेच्या दारातच अडवतात.