एसी-कूलरच्या कामासाठी व्हॅन घ्यायची आहे, नागपूरच्या उन्हात दिवसभर बसवेल अशी कोणती?

थंडावाले (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

माझं नागपुरात एसी आणि कूलर सर्व्हिसिंगचं काम आहे, हाताखाली दोन पोरं. कामं शहरभर, महालपासून जरीपटक्यापर्यंत, आणि अधूनमधून बुटीबोरी नाहीतर काटोल. सध्याची व्हॅन आता थकली. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच वाद नको. मागच्या नवतपात ती भर दुपारी रस्त्यात गरम होऊन बंद पडली. एसीवाल्याची गाडी मे महिन्यात गॅरेजला लागली की सीझन गेलाच समजा. गिऱ्हाईक थांबत नाही, पुढच्या नंबरला फोन लावते.

सामान म्हणाल तर जेट पंप, व्हॅक्यूम पंप, आर३२ आणि आर४१०ए या एसीच्या गॅसच्या टाक्या, ब्रेझिंगचा (कॉपर पाइप जाळावर जोडायचा) सेट, कॉपरची बंडलं, हॅमर ड्रिल, शिडी, आणि जाता-येता एखादं आउटडोअर युनिट. वजन फार नाही, पण जागा खाते. आतापर्यंत एक पोरगा मागे सामानावरच बसत आला आहे, ते मला बंद करायचं आहे.

शोरूममध्ये गेलो की जो तो मायलेज सांगते. अरे बाबा, मायलेज राहू दे. सीटवर कंबर टिकेल का? सिग्नलवर उभं असताना एसी थंड करतो का? क्लच किती जड? हे विचारलं की सेल्सवाला पोरगा ब्रोशर उघडून बसते.

मनात मारुतीची इको कार्गो आहे. दुसरा विचार टाटा एस किंवा महिंद्रा सुप्रोवर मागे बंद डबा, तिसरा टाटाची जुनी विंगर. बजेट रस्त्यावर येईपर्यंत सात लाख, ओढूनताणून आठ. सीएनजी घ्यावी की पेट्रोल, तेही सांगा.

पाना_पेचकस:

भाऊ, इको वाईट नाही, पण तिचं १.२ लिटरचं इंजिन समोरच्या सीटखाली असते हे डोक्यात ठेवूनच घ्या. उन्हाळ्यात बुडाखालून ऊब येणारच. नवीन असताना झाकणाचं रबर आणि खालचं उष्णतारोधक पॅकिंग बरोबर असते, त्रास कमी होते. पुढे गॅरेजवाला इंजिन उघडते, पॅकिंग नीट बसवत नाही, आणि मालक म्हणते गाडी तापून राहिली. प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर ते झाकण स्वतः हाताने दाबून पाहायचं.

बाकी गाडी सरळ आहे. लांबी ३६७५ मिमी, रुंदी १४७५ मिमी, म्हणजे इतवारीच्या गल्लीतही शिरते. ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळे भरलेली असली तरी चढावर चाकं फिरत राहत नाहीत. आणि पार्ट कुठेही मिळते. उमरेडला बंद पडली तरी तिथला मेकॅनिक तिला ओळखते. तुमच्यासारख्याला भरवशाची गाडी म्हणजे हेच, संध्याकाळपर्यंत परत चालू झाली पाहिजे.

हिशेबनीस:

गाडी ठरवण्याआधी नोंदणीचा विचार करा. जीएसटी नंबर असेल आणि नियमित योजनेत असाल, तर मालवाहू गाडीवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होते. पाच-सीटर प्रवासी इको घेतली तर नाही मिळत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुनी कोटेशनं असतील तर फेकून द्या आणि नवीन मागा.

पांढऱ्या पाटीच्या पाच-सीटरमध्ये धंद्याचं सामान वाहायचं म्हणजे क्लेमच्या वेळी विमा कंपनीच्या हातात आयतं कारण. कार्गोला पिवळी पाटी येईल. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, नंतर दरवर्षी. एकूण वजन ३००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, ती कटकट नाही.

थंडावाले (धागाकर्ता):

हे छान सांगितलं. पण कार्गोत सीट दोनच. आम्ही तिघं. तिसऱ्याला कुठे बसवू?

वर्धा_रोड:

मग बोलेरो कॅम्पर पाहा ना. डबल केबिन, पाच माणसं रीतसर बसतात, मागे हौदा, शिडी आरामात जाते, आणि मालवाहू म्हणूनच पास होते. नवीन तुमच्या बजेटबाहेर जाईल, वापरलेली शोधा. बुटीबोरीच्या कारखान्यांची कामं जास्त असतील तर हीच घ्या.

महालात मात्र ती पार्क करून दाखवा. आणि मागचा हौदा उघडा; कॉपरचं बंडल ठेवून तुम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलात तर खाली येईपर्यंत ते तिथेच असेल याची गॅरंटी कोणी देणार नाही. वरून हार्डटॉप बसवावा लागेल.

जुन्या विंगरबद्दल: चालवायला ती या सगळ्यांत मऊ. पुढच्या चाकांना ताकद, म्हणून मागची फरशी खाली आणि सपाट, जड युनिट चढवताना कंबर वाचते. पण सीताबर्डीत संध्याकाळी तिला जागा शोधत फिराल. शिवाय ज्या बीएस-६ डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे, त्याला दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मानवत नाहीत. फिल्टर साफ व्हायला मोकळा रस्ता लागते, तो तुम्हाला शहरात मिळणार नाही.

पाना_पेचकस:

एसवर डबा बसवायचा विचार सोडा. दिवसभर पाऊण टन माल ओढणाऱ्याला ती गाडी ठीक. तुम्हाला केबिनमध्ये बसून राहायचं आहे. डब्याचा खर्च, आरटीओत बॉडीची नोंद, हे वेगळंच.

जुना_रेफ्रिजरेशनवाला:

गाडीचं बाकीचे सांगतीलच, मी टाक्यांचं सांगतो. आर३२ पेट घेऊ शकते, आणि हवेपेक्षा जड असते. गळली तर गाडीच्या फरशीवर साचते. वर छताला पंखा लावून काही होत नाही, झरोका खाली पाहिजे, फरशीच्या लेव्हलला. टाकी उभी, साखळीने बांधलेली, ब्रेझिंगच्या सेटपासून वेगळी. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदलं गेलं होतं. अशा दिवशी उन्हात उभ्या बंद पत्र्याच्या डब्यात आतलं तापमान त्याच्या किती पुढे जाईल, हे मी एसीवाल्याला काय सांगू. दुपारी गाडी सावलीत नसेल तर टाक्या उतरवूनच ठेवायच्या. आणि त्या डब्यात माणूस बसवायचा नाही, हे तुम्ही स्वतःच लिहिलं ते बरं केलं.

केबिनचं म्हणाल तर औषध तुमच्याच दुकानात आहे. डक्टला लावता ती नायट्राइल रबरची शीट, १९ मिमीची, केबिनच्या आणि मागच्या छताला आतून चिकटवून टाका. रंग पांढराच घ्या. आणि केबिनच्या मागे पूर्ण पार्टिशन करा. जाळी नको, पूर्ण. एसीला तेवढीच छोटी जागा थंड करायची राहिली तर तो सिग्नलवरही तग धरेल, आणि गॅस गळला तरी तुमच्या नाकाशी लगेच येणार नाही. पार्टिशन काढता येणारं, नटबोल्टचं करा.

हिंगणा_टी_पॉइंट:

सीएनजीबद्दल. इकोचं कंपनीचं मायलेज पेट्रोलला वीसच्या आसपास आणि सीएनजीला किलोला २७ च्या आसपास आहे, कागदावर फायदा दिसते. पण सिलिंडर मागे जागा खाते, आणि तुम्हाला जागाच पाहिजे. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) वेगळी. नागपुरात २०२२ मध्ये सीएनजी किलोमागे शंभरच्या वर गेला होता, तेव्हा कितीतरी लोकांचा हिशेब चुकला. सीझनमध्ये गॅसच्या रांगेत उभं राहायचं की गिऱ्हाईकाकडे जायचं, ते पाहा. मी असतो तर पेट्रोल.

टेस्ट ड्राइव्ह सकाळी घेऊ नका, सकाळी प्रत्येक गाडी चांगली वाटते. दुपारी दोनला घ्या. व्हरायटी चौकातून वर्धा रोडने निघा, एसी चालू, मागे आपलं खरं सामान. मग कुठेतरी बाजूला घेऊन दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून नुसतं बसून राहा. तिथे कंबर, बुडाखालची ऊब आणि एसी, तिन्हीचं उत्तर मिळते. सिमेंट रस्त्याच्या जोडांवर मागचं सामान किती आदळते तेही ऐका.

थंडावाले (धागाकर्ता):

राजेहो, खूप आभार. पोरांशी बोललो. लहान पोरगा बाइकवर जेट पंप घेऊन जाईल, नुसत्या सर्व्हिसिंगची कामं तोच उरकेल. इन्स्टॉलेशन आणि गॅस चार्जिंगला मी आणि मोठा, व्हॅनमध्ये दोघंच. म्हणजे इको कार्गो, पेट्रोल, एसीवाली. नायट्राइल शीट दुकानात पडून आहेच, ती पहिल्याच आठवड्यात लावतो. खाली झरोका करून घेताना पत्रा कापावा लागेल, त्याने वॉरंटीला काही अडचण?

आणि एक शंका. मोठ्या पोराकडे साधं एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन आहे. पिवळी पाटी चालवता येईल का?

हिशेबनीस:

येईल. ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला एलएमव्ही लायसन चालतं, वेगळी नोंद लागत नाही. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच कायम केलं. फक्त लायसनची मुदत आणि विम्यात ड्रायव्हरची कलमं तपासा.

पत्रा कापायचा तर डिलिव्हरीआधी डीलरकडून लेखी घ्या. तोंडी "चालते हो" म्हणतील, नंतर ओळखणार नाहीत. पत्रा न कापता मागच्या दाराच्या खालच्या कडेला जाळीची पट्टी बसते का, आधी ते विचारा.