अँजिओग्राफी नॉर्मल, तरीही छातीत दुखते : सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील प्रवाहाची तपासणी मुंबईत कोठे होते?

नमस्कार,

माझी आई 58 वर्षांची असून तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या पावसाळ्यापासून दादर स्थानकाचा पूल चढताना तिच्या छातीत आवळल्यासारखे होते. ती कठड्याला धरून थांबते, पदराने घाम टिपते आणि वर ‘पित्त झालंय गं’ म्हणून मलाच समजावते. स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आल्यामुळे अँजिओग्राफी केली, तर मुख्य धमन्या मोकळ्या निघाल्या. ‘हृदय ठणठणीत आहे, काळजी करणे सोडा’ असे सांगून त्या रुग्णालयाने तिला घरी पाठवले. दुखणे थांबलेले नाही.

दुसरे मत घेतले तेव्हा तेथील हृदयरोगतज्ज्ञांनी मायक्रोव्हॅस्क्युलर अंजायनाची, म्हणजे हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्यांतील दोषामुळे छातीत दुखण्याची, शंका व्यक्त केली. अँजिओग्राफीत साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या दिसत नाहीत आणि हृदयाच्या स्नायूला किती रक्त द्यायचे हे मुख्यतः त्याच ठरवतात. म्हणजे तानसाची मोठी जलवाहिनी भरून वाहते आहे एवढे कळते, चाळीतल्या नळाला पाणी येते की नाही ते कळत नाही. म्हणून विश्रांतीच्या वेळचा प्रवाह आणि ॲडेनोसिन (रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध) दिल्यानंतरचा प्रवाह मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. मुख्य धमन्या मोकळ्या असूनही ते 2 च्या खाली आले, तर दोष बारीक वाहिन्यांत असल्याचे मानले जाते.

त्यांनी पेट स्कॅन सुचवला आहे. त्यासाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या किरणोत्सारी नायट्रोजन-13 अमोनियाचा अर्धायुकाल (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) जेमतेम 10 मिनिटे असल्याने तो बनवणारे सायक्लोट्रॉन यंत्र जवळच लागते, आणि त्याऐवजी वापरल्या जाणाऱ्या रुबिडियम-82 चा तर सव्वा मिनिटाच्या आसपास असल्याने तो तयार करणारा जनरेटर तेथेच असावा लागतो. मुंबईत कर्करोगासाठी पेट करणारी केंद्रे पुष्कळ आहेत, परंतु हृदयाच्या स्नायूतील प्रवाह दर मिनिटाला दर ग्रॅममागे किती मिलिलिटर, हा आकडा अहवालात देणारे केंद्र कोणते, हे फोनवर कोणीच नीट सांगत नाही. नुसती परफ्यूजनची (स्नायूत रक्त कोठे कमी-जास्त पोचते ते दाखवणारी) चित्रे आम्हाला पुरेशी नाहीत, कारण प्रवाह सगळीकडे सारखाच घटलेला असेल तर चित्र एकसारखे, म्हणजे नॉर्मलच दिसते.

दुसरा पर्याय स्ट्रेस एमआरआयचा आहे, पण आईचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निर्देशक) थोडे वाढलेले असल्यामुळे एमआरआयसाठी शिरेतून देतात त्या गॅडोलिनियम या द्रव्याबद्दल आम्ही साशंक आहोत. तिसरा पर्याय कॅथलॅबमध्ये दाब व तापमान मोजणारी तार धमनीत घालण्याचा. (हे पहिल्या अँजिओग्राफीच्या वेळीच करता आले असते, ही चुटपुट आहेच.) सूक्ष्म बुडबुडे शिरेतून सोडून त्यांचा मार्ग अल्ट्रासाऊंडने टिपण्याची, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी 2024 मध्ये रुग्णांवर दाखवलेली पद्धत वाचून आशा वाटली, परंतु ती अद्याप संशोधनाच्याच टप्प्यावर आहे.

मुंबई, ठाणे किंवा नवी मुंबईत प्रवाहाच्या आकड्यासह पेट किंवा एमआरआय केलेले कोणी असल्यास केंद्राचे नाव, अंदाजे खर्च आणि मेडिक्लेमने तो मंजूर केला का, हे कृपया कळवावे. आईला दमा असून ती पंप वापरते. अशा रुग्णाला ॲडेनोसिनऐवजी दुसरे औषध दिले गेल्याचा अनुभव असल्यास तोही सांगावा. तपासणीआधी 24 तास चहा-कॉफी बंद ठेवायला सांगितले आहे, तेव्हा सकाळची वेळ कोठे मिळते हेही कळले तर बरे होईल. औषधे मात्र सुचवू नयेत, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू आहेत.