बुडापेस्टमधले पुतळे आणि नदीकाठचे जोडे

गोदाकाठ : सप्रेम नमस्कार. आमची मुलगी शिक्षणासाठी बुडापेस्टला असते आणि मे महिन्यात आम्ही दोघे नाशिकहून तिच्याकडे जाणार आहोत. तिने पाठवलेल्या छायाचित्रांत लेनिन, मार्क्स यांचे पुतळे शहराच्या पार टोकाला एका उद्यानात उभे दिसतात, आणि संसदेजवळ डॅन्यूबच्या काठावर मात्र नुसते लोखंडी जोडे. असे का, हे जाण्याआधी नीट समजून घ्यायचे आहे.

कॉलेजरोडकर : ते उद्यान म्हणजे १९९३ साली उघडलेले मेमेंटो पार्क. साम्यवादी राजवट गेल्यावर ते पुतळे फोडावेत अशी मागणी होती. महापालिकेने ते हलवून एकत्र ठेवले, आणि हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. त्याआधी एक पुतळा लोकांनी स्वतःच पाडला होता. स्टालिनचा आठ मीटर उंचीचा ब्राँझचा पुतळा १९५१ मध्ये, शहरातले एक चर्च पाडून मोकळ्या केलेल्या जागेवर उभा राहिला. २३ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री, सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धच्या उठावाच्या पहिल्याच दिवशी, जमावाने दोरखंड लावून ओढला तरी तो हलेना. शेवटी गुडघ्यांजवळ कापून खाली आणला, तेव्हा चौथऱ्यावर फक्त बूट उरले आणि लोक त्या जागेला ‘बुटांचा चौक’ म्हणू लागले. आपण अजूनही हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला गोल्फ क्लब म्हणतो, तशीच लोकांच्या तोंडची नावे तिथेही सरकारी नावांहून चिवट ठरली.

जुना नाशिककर : जोड्यांची हकीकत वेगळी आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ‘ॲरो क्रॉस’ या हंगेरियन फॅसिस्ट संघटनेच्या लोकांनी ज्यूंना नदीकाठी उभे करून गोळ्या घातल्या आणि मृतदेह प्रवाहात जाऊ दिले. युद्धकाळात चामड्याला किंमत होती, म्हणून आधी पायताण काढायला लावत. २००५ साली तिथे साठ जोड बसवले. त्यांत टाचेचे बायकी बूट आहेत, झिजून वाकडे झालेले कामगारांचे बूट आहेत, आणि लहान मुलांचेही आहेत. कोणी ना कोणी त्यांत फूल किंवा मेणबत्ती ठेवून जाते. हे स्मारक शहराच्या टोकाला नेताच आले नसते, कारण घटना त्याच काठावर घडली.

तिथून थोडे चालत गेलात की सबादशाग चौक लागतो. तिथे २०१४ साली सरकारने जर्मन ताब्याचे स्मारक उभारले, ज्यात हंगेरी म्हणजे देवदूत गॅब्रिएल आणि त्याच्यावर झडप घालणारा जर्मन गरुड. १९४४ च्या उन्हाळ्यात चार लाखांहून अधिक ज्यूंना आगगाड्यांत कोंबून छळछावण्यांकडे पाठवण्यात हंगेरीचे स्वतःचे प्रशासन सामील होते, त्यामुळे हा निष्पाप देवदूत अनेकांना मान्य नाही. नागरिकांनी समोरच आप्तांची छायाचित्रे, पत्रे आणि दगडगोटे मांडले आहेत. माझ्या मते खरे स्मारक तेच आहे.

गोदाकाठ : दोघांचेही मनःपूर्वक आभार. जोडे आणि तो चौक एकाच दिवशी पाहू, मेमेंटो पार्कसाठी वेगळा दिवस ठेवू. छायाचित्रांखालची पत्रे हंगेरियन भाषेत असतील, तर ती मुलीकडून वाचून घेईन.